पदवीनंतरची पहिली नोकरी: रत्नागिरी-सिंधुदुर्गात ती कशी शोधायची

पदवी झालेल्या मुलाला "कसलं काम बघतोस?" असं विचारलं की दहातले आठ जण म्हणतात, "काहीही चालेल." लोटे परशुरामला किंवा कुडाळच्या एमआयडीसीत या उत्तरावर कुणी पुढे बोलत नाही, कारण 'काहीही' या नावाची जागा कुठल्याच कारखान्यात भरत नाहीत. जागा असते ती क्यूसी केमिस्टची (मालाची गुणवत्ता तपासणारा), शिफ्ट केमिस्टची, स्टोअर असिस्टंटची, अकाउंट्स असिस्टंटची, डिस्पॅच क्लार्कची. अर्ज लिहायच्या आधी आपल्या पदवीतून कामाचं नाव काढा. एक किंवा फार तर दोन. पुढची सगळी तयारी त्या नावाभोवती करायची.

बीएस्सी केमिस्ट्रीवाल्यांना कोकणात सगळ्यात जास्त वाव आहे. लोटे, महाड, रोहा-धाटाव हा सगळा रासायनिक कारखान्यांचा पट्टा. पण मुलाखतीत मुलं अडतात ती साध्या गोष्टींवर. मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटीतला फरक, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड कसं बनवायचं, हे जवळपास ठरलेले प्रश्न. लिटरला ४ ग्रॅम, हे सगळे सांगतात. पुढचा प्रश्न असतो: मग त्याचं स्टँडर्डायझेशन, म्हणजे नेमकी तीव्रता तपासून ठरवणं, का करायचं? कारण ते हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, वजनावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट वाळवून, तोलून, फिनॉल्फ्थॅलिन टाकून टायट्रेशन. ०.५ ग्रॅम थॅलेटला साधारण २४.५ मिलिलिटर लागायला हवं. हा आकडा तोंडावर असलेला मुलगा लॅबमध्ये हात चालवलेला आहे हे समोरच्याला लगेच कळतं. एचपीएलसीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) महागड्या खासगी कोर्सला आधीच पैसे भरायची घाई नको. कॉलम, मोबाइल फेज, रिटेन्शन टाइम, सिस्टिम सुटेबिलिटी एवढं नीट समजून घ्या. यंत्र कामावर शिकता येतं. प्रॉडक्शनला अर्ज करत असाल तर रात्रपाळी येणारच. मुलींनी लॅबसाठी विचारताना पाळीची वेळ आणि कंपनीची बस कुठपर्यंत येते, हे आधीच विचारून घ्यावं.

मायक्रोबायोलॉजी, प्राणिशास्त्र किंवा मत्स्यशास्त्र असेल तर रत्नागिरीतले मासळी प्रक्रिया कारखाने, आंब्याचा पल्प, काजू. इथे हॅसप (अन्नात धोका कुठे शिरू शकतो ते ओळखून रोखायची पद्धत) म्हणजे काय, स्वॅब कुठून आणि कधी घ्यायचा, गोठवलेली मासळी उणे १८ अंशांना किंवा त्याखालीच का ठेवायची, हे आलं पाहिजे. वेळही महत्त्वाची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि निकाल नेमका त्याच दिवसांत हातात पडतो. जूनमध्ये गेलात तर "बघू" ऐकून परत याल. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या की माल येतो, म्हणून जुलैच्या मध्यानंतर जा.

बीकॉमवाल्यांनी नुसतं टॅलीचं सर्टिफिकेट दाखवून उपयोग नाही. ते सगळ्यांकडे असतं. समोर बिल ठेवून नोंद करायला सांगतात. सावंतवाडीच्या काजूवाल्याचा माल कोल्हापूरला गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी), तोच गोव्याला गेला तर आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीचा). राज्यातल्या राज्यात ई-वे बिल (माल नेताना लागणारा ऑनलाइन परवाना) १ लाखाच्या वरच्या मालाला, राज्याबाहेर ५० हजारांच्या वर. मासिक रिटर्न भरणाऱ्याचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला, ३बी २० तारखेला, टीडीएसचा भरणा ७ तारखेला. बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपल्या वहीचा आणि बँकेच्या स्टेटमेंटचा मेळ, हाताने करता आलं पाहिजे. हे शिकायची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीतलं एखाद्या सीएचं किंवा कर सल्लागाराचं ऑफिस. पगार हसण्यावारी नेण्याइतका कमी मिळेल, पण सहा महिन्यांत वीस वेगवेगळ्या धंद्यांची पुस्तकं हाताखालून जातात.

बीएचं अवघड आहे, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पदवीतून कामाचं नाव सरळ निघत नाही, म्हणून कौशल्यातून काढायचं. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचं शासकीय टायपिंग असेल तर ऑफिसची कामं आणि लिपिक-टंकलेखकाची परीक्षा, दोन्हीकडे चालतं. हॉटेलात फ्रंट ऑफिस आणि बुकिंगचं काम मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे, गुहागरला आहे. तिथली भरती दिवाळीच्या हंगामाआधी, म्हणजे सप्टेंबरात होते; मे महिन्यात मिळालेली जागा पावसाबरोबर जाते. दोडामार्ग-बांद्याकडच्यांनी गोव्यातला मोपा विमानतळही धरावा. मायक्रोफायनान्सच्या वसुलीची नोकरी मात्र पटकन मिळते म्हणून पटकन घेऊ नका. पेट्रोल कोण देणार आणि हप्ता थकला तर तूट कुणाच्या पगारातून जाणार, हे दोन प्रश्न आधी विचारा.

गेटवर जाण्याआधी

बायोडाटा एका पानाचा. वर नाव, त्याखाली कामाचं नाव, मग मोबाइल. छंद, धर्म, "मी प्रामाणिकपणे जाहीर करतो की" ही वाक्यं काढून टाका. त्याऐवजी तीन गोष्टी लिहा ज्या कोकणातला एचआर खरोखर शोधत असतो: राहायला कुठे, दुचाकी आणि लायसन्स आहे का, पाळीत काम करणार का. पहिली पाळी सकाळी ७ ला आणि तुमच्या वाडीवरची पहिली एसटी त्यानंतर निघत असेल, तर निवड होऊनही तुम्ही टिकणार नाही हे त्याला ठाऊक असतं. कारखान्याजवळ खोली घेणार असाल तर तसं लिहा.

स्थानिक जागांची जाहिरात क्वचितच येते. माणूस सोडून गेला की आधी आतल्या माणसाला विचारतात, मग ठेकेदाराला, आणि मग टेबलावरच्या गठ्ठ्यातला बायोडाटा उचलतात. तुमचा कागद त्या गठ्ठ्यात, वरच्या बाजूला हवा. एमआयडीसीत जायच्या आधी साप्ताहिक सुट्टीचा वार विचारा, तो रविवारच असतो असं नाही. सकाळी १० ते १२ मध्ये जा. गेटवरच्या सिक्युरिटीला "नोकरी आहे का" विचारू नका, "क्यूसीसाठी बायोडाटा द्यायचाय, एचआरमध्ये कुणाच्या नावाने देऊ?" असं विचारा. नाव मिळालं की ईमेलचा पत्ता मागायचा आणि त्याच संध्याकाळी बायोडाटा पीडीएफमध्ये पाठवायचा. फाइलला आपलं आणि कामाचं नाव द्या, 'न्यू बायोडाटा फायनल २' नको. तीन आठवड्यांनी एक फोन.

गणपती आणि शिमग्याला अर्धा कारखाना सुट्टीवर जातो, मॅनेजरचं सगळ्यात मोठं दुखणं ते. पहिल्या वर्षी गणपतीत दोनच दिवस घेईन, असं मुलाखतीत सांगणाऱ्याकडे तो मान वर करून बघतो. (घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.)

अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, हा फेरा अप्रेंटिसशिपने तुटतो. पदवीधरांसाठी केंद्राचं नॅट्स पोर्टल आहे. नोंदणी करा, जिल्ह्यातल्या आस्थापना शोधा, अर्ज करा आणि शिवाय त्या कंपनीत प्रत्यक्ष जाऊन या; नुसत्या ऑनलाइन अर्जावर हालचाल होत नाही. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिना किमान ९,००० रुपये ठरले होते. आत्ताचा आकडा करारपत्रावर बघून घ्या. ही योजना नव्याने पदवी घेतलेल्यांसाठी आहे, वर्षभराचा अनुभव झाल्यावर दार बंद होतं. त्यामुळे आधी नोकरी मग अप्रेंटिसशिप असा उलटा क्रम चालत नाही. राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी, तिची नोंदणी महास्वयं पोर्टलवर. वय १८ ते ३५, पदवीधराला महिना १०,००० रुपये. ते प्रशिक्षण आहे. मुदत संपली की कायम करतील या आशेवर बाहेरचे अर्ज थांबवू नका.

पगाराचा कागद

"दोन लाख चाळीसचं पॅकेज" म्हणजे महिना २०,००० हातात, असं घरी सांगून टाकलं की पहिल्याच पगाराला वाद होतो. हिशेब असा: एकूण पगार १८,०००, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता १२,०००. तुमचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४०, ईएसआयसी (कामगार विमा) ०.७५ टक्के म्हणजे १३५, व्यवसाय कर २००. हातात १६,२२५. कंपनीचा पीएफ १,४४० आणि ईएसआयसी ३.२५ टक्के म्हणजे ५८५ हे तुमच्या पॅकेजमध्येच धरलेले असतात. म्हणून बेरीज २०,०२५. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० कापतात, आणि २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो नाही. ठेकेदाराकडून लागलात तर पहिल्या दोन महिन्यांतच यूएएन, म्हणजे पीएफचा क्रमांक मागा आणि पीएफच्या पासबुकात पैसे जमा होतात का ते स्वतः बघा. पगारातून कापलेला पण भरलाच न गेलेला पीएफ ही ठेकेदारीतली नेहमीची रड आहे.

मुंबईला जायचं का, हाही याच कागदाचा प्रश्न. दिव्याची किंवा नालासोपाऱ्याची खोली, डिपॉझिट, खानावळ, पास आणि गावाला येण्याजाण्याचं भाडं वजा करून जे उरतं, ते १६,२२५ शी ताडून बघा. गावमंडळाची गिरगाव-लालबागकडे खोली असेल तर सुरुवातीचे महिने तिथे काढता येतात; आकडा एकदम बदलतो. आयटी, मीडिया, मोठ्या बँकांची ऑफिसं यांसाठी मुंबई-पुण्याला पर्याय नाही. पण लोट्यात मिळणारंच काम तळोज्यात करायला जाण्यात फारसा फायदा नसतो.

सरकारी परीक्षा द्या, पण मुदत घालून. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांना १० लाखांवर अर्ज आले, आणि फी खुल्या गटाला १,००० रुपये होती. नोकरी करत अभ्यास, किंवा पूर्ण वेळ अभ्यास असेल तर किती महिने ते घरच्यांसमोर ठरवून. अनेक मुलं परीक्षेत नाही तर कागदपत्रांत बाद होतात. नॉन-क्रिमिलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, ईडब्ल्यूएसचा दाखला वर्षापुरता, जात पडताळणीला महिने लागतात. दाखला जाहिरातीत दिलेल्या तारखेला वैध हवा, नंतर काढलेला चालत नाही. कोकण रेल्वेसाठी घरची जमीन गेलेली असेल तर संपादनाचे कागद शोधून ठेवा; तिथल्या भरतीत प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असतं.

रेल्वेत, बंदरात, जहाजावर "लावून देतो" म्हणून पैसे मागणारा आला की बोलणं तिथेच थांबवा. ओळखीने मुलाखत मिळू शकते, पैशाने मिळतं ते बहुतेक वेळा खोटं नियुक्तिपत्र. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवायच्या नाहीत: दाखवायच्या, तिथेच परत घ्यायच्या, आणि द्यायच्या त्या झेरॉक्सवर 'फक्त अमुक कंपनीतील नोकरीसाठी' असं आडवं लिहून सही आणि तारीख टाकायची.