पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतर

पहिल्या नोकरीच्या तिसऱ्याच आठवड्यात माझ्याकडे एक तक्रार आली. व्यापाऱ्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर होतं. 'पाटील & सन्स' असं शोधलं की यादीतले झाडून सगळे पाटील पुढे यायचे. दोन दिवस मी डेटाबेसच्या क्वेरीत चूक शोधत होतो. शेवटी शेजारी बसणाऱ्या सीनियर ताईंनी अ‍ॅड्रेस बारवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "आधी हे वाच."

तिथं होतं: /शोध?नाव=पाटील & सन्स&पान=1

प्रश्नचिन्हानंतरचा भाग म्हणजे क्वेरी स्ट्रिंग. त्यात बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे पॅरामीटरचं नाव, उजवीकडे त्याची व्हॅल्यू आणि दोन जोड्यांच्या मध्ये &. दुकानाच्या नावातलं & आणि जोड्या तोडणारं & यांतला फरक सर्व्हरला कळणार कसा? त्याच्या लेखी नाव 'पाटील' इथंच संपलं होतं आणि 'सन्स' हा वेगळाच, व्हॅल्यू नसलेला पॅरामीटर झाला होता.

उपाय एका ओळीचा: व्हॅल्यू पत्त्यात घालण्याआधी एन्कोड करा (खास चिन्हांच्या जागी % ने सुरू होणारे कोड घाला), म्हणजे & चं %26 होतं. जावास्क्रिप्टमध्ये यासाठी 'एन्कोडयूआरआयकम्पोनंट' वापरायचं. नुसतं 'एन्कोडयूआरआय' अख्ख्या पत्त्यासाठी आहे, ते & ला हातच लावत नाही. मी घाईत आधी तेच वापरलं आणि बग जसाच्या तसा राहिला. आता मी हाताने स्ट्रिंग जोडतच नाही, जावास्क्रिप्टच्या 'यूआरएलसर्चपॅराम्स'कडे सोपवतो, तेच जोड्या एन्कोड करून जोडतं आणि वाचूनही देतं. नव्यांनीही सुरुवातीपासून तीच सवय लावावी असं मला मनापासून वाटतं.

अधिकचं चिन्ह असंच फसवतं. फॉर्मच्या पद्धतीने वाचताना + म्हणजे मोकळी जागा. त्यामुळे '+91'ने सुरू होणारा मोबाइल नंबर एन्कोड न करता पाठवला की पलीकडे ' 91' पोचतो. तिथं %2बी लागतं (यातला 'बी' इंग्रजी अक्षर). आपल्या मराठीचंही सांगतो. यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं असतं आणि एन्कोड केल्यावर दर बाइटला 3 अक्षरं लागतात. 'पुणे' या शब्दात प, उकार, ण, मात्रा अशी 4 चिन्हं, म्हणजे पत्त्यात 36 अक्षरं. ती लांबलचक ओळ पाहून घाबरू नका, डिकोड केल्यावर पुणेच मिळतं.

वाचताना लक्षात ठेवा, हाती येते ती स्ट्रिंग, म्हणजे आकडा नव्हे, मजकूर. 'पान'मध्ये 1 आला आणि पुढच्या पानासाठी त्यात 1 मिळवला, तर जावास्क्रिप्ट 11 देते. आधी आकड्यात बदला. पॅरामीटर नसेल तर 'यूआरएलसर्चपॅराम्स'चं 'गेट' नल (म्हणजे 'काहीच नाही') देतं आणि नलचा आकडा केला की 0 होतो, म्हणून तो आहे का हे आधी बघा. एकच नाव दोनदा आलं तर 'गेट' पहिली व्हॅल्यू देतं, सर्व्हरवर चालणारी पीएचपी ही भाषा मात्र शेवटची धरते. सगळ्या हव्या असतील तर 'गेटऑल'.

पासवर्ड किंवा टोकन (लॉगिनची ओळख पटवणारा गुप्त कोड) इथं कधीच घालू नका. पत्ता ब्राउझरच्या हिस्टरीत राहतो, सर्व्हरच्या लॉगमध्येही उतरतो.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये पुढे एकदा मी चाचणी करताना पत्त्यातल्या 'बिल=41'च्या जागी 42 लिहिलं, आणि दुसऱ्याच व्यापाऱ्याचं बिल रकमेसकट उघडलं. त्या संध्याकाळी ताई आणि मी उशिरापर्यंत थांबलो आणि बिल दाखवणाऱ्या प्रत्येक ठिकाणी, लॉगिन केलेला माणूस त्या बिलाचा मालक आहे का, ही तपासणी सर्व्हरवर घातली.