बिटरेट किती ठेवायचा? व्हिडिओ एन्कोड करताना क्वालिटीची सेटिंग्ज कशी निवडायची

हँडब्रेकसारखं एखादं एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून छोट्या फाइलमध्ये बसवणारं सॉफ्टवेअर, उघडलं की व्हिडिओच्या टॅबमध्ये दोन पर्याय दिसतात, एक कॉन्स्टंट क्वालिटी आणि दुसरा अ‍ॅव्हरेज बिटरेट, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. माझी पण अडली होती. कुठेतरी वाचलं होतं की १०८०पीला ८००० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) चांगला, म्हणून मी कित्येक महिने डोळे झाकून प्रत्येक व्हिडिओला ८००० टाकत होतो. मग एकदा दोन क्लिप एकाच दिवशी एन्कोड केल्या, एकात माणूस भिंतीसमोर बसून बोलतोय आणि दुसरी धबधब्याची, ६० एफपीएसची (सेकंदाला ६० फ्रेम). दोन्ही फायली मिनिटाला साधारण ६० एमबी झाल्या, पण भिंतीवाल्यात एवढ्या जागेची काहीच गरज नव्हती आणि धबधब्याच्या पाण्याचे मात्र चौकोन-चौकोन झाले होते. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की मी इतके दिवस क्वालिटी निवडतच नव्हतो, फक्त फाइलची साइझ ठरवत होतो.

बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या व्हिडिओसाठी किती बिट वापरायचे तो आकडा, बस. सेकंदांनी गुणायचं आणि ८ ने भागायचं, कारण ८ बिटचा एक बाइट. ८००० केबीपीएस गुणिले ६० म्हणजे ४,८०,००० किलोबिट, भागिले ८ म्हणजे ६०,००० किलोबाइट, म्हणजेच ते वरचे ६० एमबी. चित्र कसं दिसेल ते या हिशोबात कुठेच येत नाही.

आता हे बघा. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. नेहमीच्या ८-बिट व्हिडिओत दर पिक्सेलला सरासरी १२ बिट लागतात, त्यामुळे काहीही कॉम्प्रेस न करता ३० एफपीएसने साठवायचं म्हटलं तर सेकंदाला सुमारे ७४६ मेगाबिट होतात. आपण त्याला ५ मेगाबिटमध्ये बसवतो, म्हणजे जवळजवळ दीडशेवा भाग! हे जमतं कारण एन्कोडर प्रत्येक फ्रेम नव्याने लिहीत नाही, आधीच्या-नंतरच्या फ्रेममधून काय उचलता येईल ते बघतो आणि उरलेला फरक तेवढा लिहितो. भिंत हलत नाही, तिला जवळपास फुकटात बसवता येतं. पाणी, पाऊस, वाऱ्याने हलणारी पानं, उडणारी धूळ, यात फ्रेममागून फ्रेम सगळंच बदलतं आणि उचलण्यासारखं फार काही मिळत नाही. रात्री शूट केलेल्या व्हिडिओतला बारीक नॉइज, म्हणजे ते नाचणारे दाणे, तर सगळ्यात वाईट, कारण एन्कोडरला तो डिटेल वाटतो आणि तो इमानदारीत त्याच्यावर बिट उधळतो. अशा व्हिडिओला फिल्टर्समध्ये जाऊन हलकासा डीनॉइज लावला की फाइल बऱ्यापैकी उतरते, फक्त जास्त लावू नका, माणसांचे चेहरे मेणाचे दिसायला लागतात.

म्हणून साइझची काही सक्ती नसेल तर सरळ कॉन्स्टंट क्वालिटी घ्या. हँडब्रेकमध्ये याला आरएफ म्हणतात, एफएफएमपेग हे कमांडने चालणारं सॉफ्टवेअर वापरणारे सीआरएफ म्हणतात. इथे तुम्ही क्वालिटी सांगता आणि बिट किती लागतील ते एन्कोडर बघून घेतो. एक्स२६४ला (एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ बनवणारा एन्कोडर) हा आकडा ० ते ५१ असतो आणि तो उलटा चालतो, छोटा आकडा म्हणजे चांगली क्वालिटी आणि मोठी फाइल. साधारण ६ ने कमी केला की साइझ दुपटीच्या आसपास जाते. हँडब्रेकचा सल्ला १०८०पीला २० ते २४, ७२०पीला १९ ते २३ आणि ४केला २२ ते २८ असा आहे, आणि माझ्या मते तो बरोबर आहे. हौसेने १४-१५ टाकणारे खूप असतात, आणि मग ओरिजनलपेक्षा एन्कोड केलेली फाइल मोठी का झाली म्हणून विचारत बसतात.

मी करतो ते असं.

आधी सोर्स बघायचा. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथे टोटल बिटरेट आणि फ्रेमरेट दिसतो. मीडियाइन्फो (फाइलची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) असेल तर अजून छान. सोर्सच मुळात २ एमबीपीएसचा (सेकंदाला २ मेगाबिट), दोनदा फॉरवर्ड होऊन आलेला असेल तर त्याला २० एमबीपीएस देऊन काही होणार नाही, गेलेला डिटेल परत येत नसतो, तेच चौकोन जास्त इमानदारीने साठवले जातील एवढंच.

मग व्हिडिओतला सगळ्यात अवघड तुकडा शोधायचा, जिथे हालचाल आहे किंवा अंधार आहे. रेंजमध्ये सेकंद्स निवडून तेवढी ३० सेकंदं घ्यायची आणि तीन वेळा एन्कोड करायची, आरएफ २०, २२ आणि २४ ला. पूर्ण दोन तासांचा व्हिडिओ एन्कोड करून मग पस्तावण्यापेक्षा ही दहा मिनिटं परवडतात. तिन्ही फायली मोठ्या स्क्रीनवर चालू स्थितीत बघा, पॉज करून भिंग लावून बघितलं तर सगळंच खराब दिसतं. केसांच्या कडा, गवत, आणि मावळतीचं आकाश किंवा अंधारा कोपरा एवढं तपासा, आकाशात पट्टे पट्टे दिसायला लागले की आकडा एक-दोनने खाली आणा. २२ आणि २४ मध्ये तुम्हालाच फरक दिसत नसेल तर २४ घ्या आणि विषय संपवा.

व्हिडिओच्या त्याच टॅबमध्ये एन्कोडर प्रीसेटचा स्लायडर असतो, अल्ट्राफास्टपासून प्लासिबोपर्यंत. कॉन्स्टंट क्वालिटीत याचा मुख्य परिणाम वेळेवर आणि साइझवर होतो, स्लो केलं तर एन्कोडर जास्त शोधाशोध करतो आणि साधारण तेवढीच क्वालिटी कमी जागेत बसवतो. मीडियम किंवा स्लो पुरे. प्लासिबोचं नाव प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती समाधानाची गोळी, आहे, यातच काय ते समजा.

आणि हो, कोडेक (कॉम्प्रेस करायची पद्धत) बदलला की आकडा पण बदलतो. एक्स२६४चा डिफॉल्ट २३ आहे आणि एक्स२६५चा २८, दोघांच्या मोजपट्ट्या वेगळ्या. ग्राफिक्स कार्डवरचे एनव्हेंकसारखे एन्कोडर तर अजून वेगळे, ते भन्नाट फास्ट असतात पण तेवढ्याच क्वालिटीला एक्स२६४ स्लोच्या तुलनेत सहसा जास्त जागा खातात, म्हणून त्यांच्यासाठी टेस्ट परत करायची.

बिटरेट लागतो कधी? जेव्हा साइझ ठरलेली असते. समजा १० मिनिटांचा व्हिडिओ १०० एमबीत बसवायचाय. १०० गुणिले ८ म्हणजे ८०० मेगाबिट, भागिले ६०० सेकंद, म्हणजे साधारण १३३० केबीपीएस. त्यातून आवाजाचे १२८ काढा, उरले १२००, आणि थोडी जागा सोडून मी ११५० टाकीन. सोबत मल्टी पासवर टिक करायची, जुन्या व्हर्जनमध्ये याला टू पास म्हणतात. पहिल्या फेरीत एन्कोडर कुठे किती लागेल याचा अंदाज घेतो आणि दुसरीत त्याप्रमाणे वाटप करतो. पण ११५० मध्ये १०८०पीला धावपळीचे सीन झेपत नाहीत, रेझोल्यूशन ७२०पीला आणा, थोडं मऊ दिसेल पण चौकोन कमी होतील.

लाइव्ह स्ट्रीमची गोष्ट वेगळी, तिथे सीबीआर (पूर्ण वेळ एकच बिटरेट) लावा आणि अपलोड स्पीडपेक्षा बराच कमी ठेवा. यूट्यूबवर टाकायच्या व्हिडिओला १०८०पी ३० एफपीएससाठी त्यांचा सल्ला ८ एमबीपीएसचा आणि ६० एफपीएससाठी १२ चा आहे, पण ते तसंही स्वतः परत एन्कोड करतात, म्हणून तिथे मी आरएफ १८ ने काढून देतो, कंजूषपणा करत नाही.

एक गोची राहिली. हँडब्रेकच्या फास्ट १०८०पी३० या प्रीसेटमधला शेवटचा ३० म्हणजे फ्रेमरेटची मर्यादा, तुमचा व्हिडिओ ६० एफपीएसचा असेल तर तो गुपचूप ३० होतो आणि मग हालचाल अडखळल्यासारखी दिसली की लोक बिटरेट वाढवत बसतात. फ्रेमरेट सेम अ‍ॅज सोर्स करून टाका. फाइल पुढे एडिटिंगला जाणार असेल तर त्याच्याच खाली कॉन्स्टंट निवडा, कारण फोनच्या व्हिडिओचा फ्रेमरेट बऱ्याचदा कमी-जास्त होत असतो आणि काही एडिटरमध्ये त्यामुळे आवाज हळूहळू सरकत जातो. सुरुवातीला हे कळत नाही, म्हणून ओरिजनल डिलीट करायच्या आधी शेवटची दोन-तीन मिनिटं लावून ओठ आणि आवाज जुळतायत का तेवढं बघून घ्या.