पुढच्या चाकाचा ब्रेक कॅलिपर घरी उघडताना

ठाणे खाडीच्या काठावर, कळव्यापासून वाशीपर्यंत, पावसाळाभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग, जाम होणे नवलाचे नाही. गाडी एका बाजूला ओढते किंवा एकच चाक जास्त तापते. केवळ आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजला असेल, तर दोष बहुधा गाइड पिनांचा, म्हणजे कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या दांड्यांचा, असतो. त्या काढून, पुसून, सिलिकॉन ग्रीस लावल्यावर काम भागत असेल, तर पुढचा खटाटोप करू नये.

येथे एका पिस्टनच्या (ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याच्या), पुढच्या चाकाच्या कॅलिपरची कृती दिली आहे. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असेल, तर तो गॅरेजलाच द्यावा. घोडबंदर रोडच्या डोंगराकडील बाजूस सोसायटीच्या पार्किंगला उतार असेल, तर सपाट जागा शोधावी, मागच्या चाकांना अडण्या लावाव्यात आणि गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी.

चाक काढल्यावर, कॅलिपर जागेवर घट्ट असतानाच ब्रेक होजचा (कॅलिपरला ऑइल आणणाऱ्या रबरी नळीचा) बोल्ट पाव फेरा सैल करून पुन्हा आवळून ठेवावा; सुटा कॅलिपर हातात धरून हा बोल्ट उघडणे जिकिरीचे होते. मग पिनांचे बोल्ट काढून कॅलिपर उचलावा आणि तारेने बांधून ठेवावा, कारण त्याचे वजन होजवर पडता कामा नये. पिस्टन बाहेर काढण्यासाठी कंप्रेसरची हवा वापरण्यापेक्षा गाडीचाच ब्रेक वापरणे मला अधिक सुरक्षित वाटते: पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा ठेवून सोबतच्या माणसाने पेडल हळूहळू दाबावे. पिस्टन बहुतांश बाहेर आल्यावर थांबून होज सोडवावी, खाली भांडे ठेवावे आणि पिस्टन हाताने ओढून काढावा. ब्रेक ऑइल रंग खाते. बॉडीवर सांडल्यास ताबडतोब पाण्याने धुवावे.

सगळा जीव आतल्या चौकोनी छेदाच्या रबरी सीलमध्ये आहे. ते ऑइल अडवते आणि पेडल सोडल्यावर पिस्टनला केसभर मागेही खेचते: दाब येताच ते पिस्टनबरोबर पिळवटते आणि दाब जाताच मूळ आकारात येते. म्हणून त्याच्या खोबणीत गंज साचला असेल, तर नवे सीलही नीट बसत नाही आणि ब्रेक घासत राहतो. सील प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी काडीने काढावे, स्क्रूड्रायव्हरने खोबणीला ओरखडा पाडू नये. पिस्टनच्या चकाकीवर नख फिरवून पाहावे. नखाला खड्डा लागला, तर पिस्टन नवाच घ्यावा, घासून चालवू नये. धुण्यासाठी रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नये, त्याने रबर फुगते. ब्रेक क्लीनर वापरावा.

नवे सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून खोबणीत बसवावे आणि ते कुठे पिळलेले नाही हे बोट फिरवून पाहावे. पिस्टन सरळ धरून बोटांच्या जोराने आत ढकलावा. हातोडी लागत असेल, तर तो तिरका गेला आहे. डस्ट बूट (पिस्टनवरचे धूळ अडवणारे रबर) सीलच्या किटमधील चित्राप्रमाणे लावावा. होजच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर दोन्ही नवे घ्यावेत आणि सर्व बोल्ट गाडीच्या पुस्तकातील टॉर्कप्रमाणे (आवळण्याच्या जोराप्रमाणे) आवळावेत.

होज सोडवल्यावर आत शिरलेली हवा आता काढावी लागते. ती काढताना निपल (कॅलिपरवरचा हवा सोडण्याचा छोटा स्क्रू) वरच्या टोकाला आहे ना हे पाहावे. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला, तर निपल खाली जातो आणि हवा कधीच निघत नाही. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचेच, सीलबंद बाटलीतले ऑइल वापरावे. सोबतच्याने पेडल दाबून धरले की निपल उघडावा आणि त्याने पेडल सोडण्यापूर्वी बंद करावा. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवून टाकीतील पातळी राखावी. पेडल घट्ट लागले आणि सांध्यांवर ओल नसली, तरच चाक चढवून सोसायटीच्या आवारात सावकाश चार-पाच वेळा ब्रेक लावून पाहावा. पेडल मऊ लागले, तर फाटकाबाहेर न जाता पुन्हा हवा काढावी.