ज्येष्ठांसाठी इतिहासाचं व्याख्यान ठेवताय?

विषय लहान घ्या. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तरी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात पहिलं व्याख्यान ठेवताना ‘मराठ्यांचा इतिहास’ असा विषय दिला. दीड तासात वक्ते अफझलखानापर्यंतही पोचले नाहीत आणि मागच्या रांगा उठून गेल्या. त्यापेक्षा पुरंदरचा तह घ्या. १६६५ साल, २३ किल्ले दिले, १२ राखले. भिंतीवर नकाशा लावून दोन रंगांच्या टिकल्या चिकटवा. कोंढाणा दिला आणि राजगड का ठेवला, हे लोक आपणहून विचारतात.

वेळ साडेचारची. अंधार पडायच्या आत सगळे घरी पोचले पाहिजेत. खोली तळमजल्यावरची, खुर्च्यांना पाठ आणि हात दोन्ही हवेत. पहिली रांग पाहुण्यांसाठी नको, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी राखा. चाळीसच मिनिटं बोलायचं, हे वक्त्यांना आधीच सांगून ठेवा. चहा नंतर.

पण खरं महत्त्वाचं म्हणजे श्रोत्यांना बोलतं करणं. गेल्या जुलैत आम्ही पानशेतच्या पुरावर बसलो. १२ जुलै १९६१ ला पाचवीत असलेली मुलं आता पंचाहत्तरीला टेकलीत. पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला धरण कसं फुटलं, हे वक्त्यांनी वीस मिनिटांत सांगितलं आणि माईक खाली दिला. नारायण पेठेत वाढलेल्या एक बाई उठल्या. नळ बंद पडल्यावर आई शेजारच्या वाड्यातल्या आडाचं पाणी शेंदायची आणि त्या कंदील धरून उभ्या राहायच्या. तोच धागा पकडून वक्त्यांनी नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेलं पाणी आणि पेठांतले हौद समजावले. ते कुणीच विसरणार नाही.

आठवण सांगणाऱ्याला तारखेवरून मध्येच अडवू नका. एक जाड वही ठेवा: नाव, जन्मसाल, तेव्हा कुठे राहत होता, आणि आठवण त्यांच्याच शब्दांत. नंतर सभासदांपैकीच दोघांनी ग्रंथालयात जाऊन जुन्या वर्तमानपत्रांशी ती ताडून पाहायची. आमच्याकडे या कामासाठी आता चौघे तयार असतात.

पुढचा विषय वहीतूनच काढा. १९७२ च्या दुष्काळी कामावर मजुरांच्या हजेरीचं मस्टर लिहिलेले एक आजोबा आमच्या दुसऱ्या रांगेत बसतात. या वेळी व्याख्यानाआधी वक्त्यांना त्यांच्या घरी घेऊन जाणार आहे.