फिल्टर घेण्याआधी पाणी मोजा
कोल्हापुरात नळाला येणारे पाणी मुख्यतः नदीचे असल्याने त्यात विरघळलेले क्षार सहसा कमी असतात. बोअरचे पाणी मात्र जड निघू शकते, आणि हा फरक न पाहता सरसकट आरओ (बारीक पडद्यातून क्षार गाळणारे यंत्र) बसवणे म्हणजे पैसा व पाणी दोन्ही वाया घालवणे होय. आधी टीडीएस मीटरने, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणाने, मोजावे. भारतीय मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात, त्यामुळे आकडा त्याखाली असल्यास बहुधा यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारे यंत्र) पुरते. अर्थात हा मीटर जंतू दाखवत नाही. पावसाळ्यात पंचगंगा फुगली की कधी तांब्याच्या तळाशी गाळ बसतो. अशा गढूळ पाण्यात अतिनील किरण जंतूंपर्यंत नीट पोहोचत नाहीत, म्हणून गाळ अडवणारा फिल्टर आधी हवाच, आणि तो तपकिरी पडला की मुदतीची वाट न पाहता बदलावा.