टेस्टोस्टेरॉन सुरू असताना प्रोस्टेटवर लक्ष कसे ठेवावे

टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन किंवा जेल सुरू केले की बहुतेकांच्या मनात एकच धास्ती असते, प्रोस्टेटचा कॅन्सर तर होणार नाही ना? तिला जुने कारण आहे. 1941 मध्ये हगिन्स आणि हॉजेस या दोघांनी दाखवून दिले, की शरीरातले टेस्टोस्टेरॉन बंद पाडले की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर मागे हटतो. हगिन्सना 1966 मध्ये नोबेलही मिळाले. त्यावरून ‘म्हणजे टेस्टोस्टेरॉन दिले की कॅन्सर होणारच’ असा उलटा अर्थ पुढे कित्येक वर्षे काढला गेला. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रॅव्हर्स चाचणीत पाच हजारांवर पुरुष होते. त्यांतल्या निम्म्यांना टेस्टोस्टेरॉनचे जेल आणि निम्म्यांना औषध नसलेले जेल दिले गेले. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तो पहिल्या गटात 12 जणांना आणि दुसऱ्यात 11 जणांना. मात्र पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारे, रक्तात मोजले जाणारे प्रथिन; आकडे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये) 3 च्या वर असलेल्यांना त्या चाचणीत घेतलेच नव्हते. आधी पारखून घेतलेल्या लोकांचा हा निकाल आहे. तेव्हा तुम्हालाही सुरुवात तिथूनच करायची आहे.

पहिल्या डोसच्या आधी

एक वही घ्या आणि पहिल्या पानावर शून्य महिन्याची नोंद करा. तिच्याशिवाय पुढचे सगळे आकडे मुके. तीत चार गोष्टी हव्यात: पीएसएचा आकडा, डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटाने केलेल्या प्रोस्टेटच्या तपासणीचा निष्कर्ष, लघवीच्या तक्रारींचे गुण आणि घरातला इतिहास. वडील किंवा सख्ख्या भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर ते डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा. साधारण 55 ते 69 या वयात ही तपासणी करून घ्यावीच. घरात इतिहास असेल तर चाळिशीपासून.

बोटाच्या तपासणीला पुरुष फार लाजतात. काम मिनिटभराचे असते. अंगठ्याखालचा तळहाताचा मांसल भाग दाबून पाहा. निरोगी ग्रंथी साधारण तशी लागते. आता बोटाचे पेर दाबा. तसे काही कडक हाताला लागले तर डॉक्टर थांबतात.

पीएसए 4 च्या वर (जोखीम जास्त असेल तर 3 च्या वर), ग्रंथीत गाठ किंवा लघवीचा तीव्र त्रास असेल, तर औषध सुरू करण्याआधी युरोलॉजिस्टना दाखवायचे. जिममधल्या कुणाच्या सल्ल्याने ज्यांनी आधीच इंजेक्शने सुरू केली आहेत, त्यांची शून्य महिन्याची नोंद कायमची गेली. त्यांनी निदान आजचा आकडा तरी करून घ्यावा आणि डॉक्टरांना खरे काय ते सांगावे.

रक्त देण्यापूर्वीचे दोन दिवस

पीएसए हा फार हळवा आकडा आहे. कॅन्सर नसतानाही तो हलतो. म्हणून तपासणीआधी 48 तास वीर्यस्खलन टाळा, लांबवर सायकल चालवू नका. बोटाची तपासणी त्याच दिवशी असेल तर आधी रक्त, मग तपासणी. लघवीला जंतुसंसर्ग झाला असेल तर तो बरा होऊन सहा आठवडे जाऊ द्या. केसांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला सांगा, काही पद्धतींत त्यांनी आकडा खोटाच कमी येतो. आणि लॅब बदलू नका. दोन लॅबची पद्धत वेगळी असली तर त्यांचे आकडे शेजारी मांडून उपयोग नाही.

वाढलेल्या प्रोस्टेटसाठी दिले जाणारे फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल (टक्कल पडू नये म्हणून घेतलेली गोळीही यात आली), तर सहा महिने ते वर्षभरात पीएसए जवळपास निम्म्यावर येतो. रिपोर्टवरचा 2.2 हा तेव्हा 4.4 समजायचा. ही गोळी सांगायला विसरणे ही अगदी सहज होणारी चूक आहे.

वहीतले आकडे कसे वाचावेत

पहिली फेरतपासणी तीन महिन्यांनी, नंतरची वर्ष पूर्ण होण्याच्या आत. बरेच डॉक्टर मध्ये सहाव्या महिन्यालाही करतात. त्यानंतर वय आणि जोखीम पाहून डॉक्टर ठरवतील तसे.

टेस्टोस्टेरॉन कमी असते तेव्हा पीएसएही दबलेला असतो. औषधाने तो थोडा वर येणारच, आणि साधारणपणे एका पातळीवर जाऊन थांबतो. समजा एकाची नोंद अशी आहे: 0.8, तीन महिन्यांनी 1.3, वर्षाने 1.4. वाढ झाली आणि थांबली. घाबरण्यासारखे काही नाही. दुसऱ्याची: 0.9, मग 1.4, वर्षाने 2.5. लॅबने कागदावर ‘नॉर्मल’ छापले, कारण आकडा 4 च्या आत आहे. पण वर्षात वाढ झाली 1.6 ची, आणि पहिल्या वर्षात 1.4 च्या वर वाढ झाली की युरोलॉजिस्टकडे जायचे, असा नियम आहे. लॅबला तुमची शून्य महिन्याची नोंद माहीत नसते. ती वही फक्त तुमच्याकडे आहे.

लघवीकडेही बघा

आयपीएसएस नावाची सात प्रश्नांची यादी असते: धार बारीक झाली का, मध्येच तुटते का, रात्री किती वेळा उठावे लागते वगैरे. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 5 गुण. बेरीज 7 पर्यंत असेल तर त्रास सौम्य, 8 ते 19 मध्यम, त्यावर तीव्र. तपासणीच्या दिवशी घरीच भरा आणि बेरीज वहीत टाका. सहावरून सतरावर गेली असेल, तर पीएसए कितीही गोंडस असो, दाखवायला जा. लघवीतून रक्त आले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि लघवी पूर्ण तुंबली, तर रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा.

आकडा वाढलेला आला तर

आधी तोच आकडा पुन्हा करून बघा. वर दिलेली पथ्ये पाळून, त्याच लॅबमध्ये. एकाच माणसाचा पीएसए काही कारण नसतानाही थोडा वरखाली होतो. त्याच वेळी टेस्टोस्टेरॉनची पातळीही तपासून घ्या, कधी डोसच जास्त झालेला असतो. दुसऱ्यांदाही वाढ दिसली, किंवा आकडा 4 च्या वर पक्का झाला, तर युरोलॉजिस्ट. ते बरेचदा आधी एमआरआय सांगतात आणि गरज वाटली तरच बायोप्सी. दरम्यान डोस चालू ठेवायचा, कमी करायचा की थांबवायचा, हे औषध देणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि युरोलॉजिस्टकडे जाताना शेवटचा रिपोर्ट तेवढा नेऊ नका, अख्खी वही न्या.