भूतानच्या सहलीत या चुका टाळा

भूतानला जाणारे अनेक मराठी पर्यटक सहलीची आखणी सिमला-मनालीच्या धर्तीवर, म्हणजे दिवसाला पाच-सहा ‘पॉइंट’ या हिशेबाने करतात, आणि पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ तिथेच असते. किल्ल्यासारखा दिसणारा झोंग म्हणजे जिल्ह्याची कचेरी आणि भिक्खूंचा मठ एकाच तटबंदीत नांदणारी वास्तू. तिथे अर्धी चड्डी किंवा बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत, टोपी काढावी लागते आणि देवळांच्या गाभाऱ्यात छायाचित्रे घेण्यास मनाई असते. स्तूपाला उजवी घालून प्रदक्षिणा करावी, हे खरे तर आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. तरीही सेल्फीच्या नादात उलटे फिरणारे आपलेच लोक असतात.

कागदपत्रांत आधारकार्डावर विसंबू नये. किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, आणि लहान मुलांसाठी जन्मदाखला जवळ ठेवावा. भारतीय प्रौढांना दर रात्री 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. सहल कंपनीच्या दरात ते धरले आहे की नाही, हे आधीच विचारावे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे विमानतळ असलेल्या पारो शहरात उतरल्या-उतरल्या तक्त्संग मठाची चढाई करणे. कड्याला बिलगलेला हा मठ सुमारे 3,120 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे विरळ हवेची सवय होण्यासाठी तो सहलीच्या अखेरीस ठेवून पहाटे लवकर निघावे. घोडे साधारण अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहापर्यंतच नेतात; तिथून पुढची वाट, शेवटच्या शेकडो पायऱ्या आणि संपूर्ण उतरण पायीच करायची असते. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना ‘घोडा आहे ना’ असे सांगून नेणारे हीच गोष्ट सांगायला विसरतात.

त्सेचू उत्सवात मुखवट्यांची नृत्ये हा धार्मिक विधी असतो, म्हणून जवळून चित्रण करण्यासाठी अंगणाच्या मध्ये घुसू नये. वसंतातल्या पारो त्सेचूच्या शेवटच्या दिवशी थोंगद्रेल हा धार्मिक चित्राचा प्रचंड कापडी पट पहाटेच उलगडतात आणि त्यावर ऊन पडण्याआधी गुंडाळतात. न्याहारी आटोपून दहा वाजता पोहोचणाऱ्यांना तो दिसत नाही. उत्सव चांद्र पंचांगानुसार येत असल्याने त्याची तारीख दर वर्षी बदलते, ती पाहूनच विमानाची तिकिटे काढावीत.